पाहुण्याचा पैसा, गावाची तिजोरी

स्थानिक स्वराज्य संस्थांचे उत्पन्न हा विषय वर्गात शिकवायला घेतला की मागच्या दोन बाकांवर हमखास जांभया सुरू होतात. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, शासकीय अनुदान ही यादी विद्यार्थ्यांना परीक्षेपुरती पाठ करायची असते. परंतु एक कर असा आहे की त्याचे नाव काढताच वर्ग जागा होतो. तो म्हणजे बाहेरगावच्या माणसाकडून घ्यायचा कर. कारण उघड आहे. भरणारा दुसरा आणि खर्च करणारे आपण, ही कल्पनाच मोठी सुखाची आहे! पण येथेच विषयातला खरा प्रश्न उभा राहतो. पाहुण्याकडून घेतलेला पैसा यजमान गावाने कशावर खर्च करावा? गटारावर करावा, की पाहुण्याच्या सोयीवर? आणि हे कोणी ठरवावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

हॉटेलात उतरणाऱ्या माणसाकडून त्याच्या खोलीच्या भाड्यावर जो कर घेतला जातो, त्याला आपण या लेखापुरते 'निवासकर' म्हणू. हा कर जगात अनेक ठिकाणी आहे. तथापि त्याच्या खर्चाचे नियम जितक्या बारकाईने अमेरिकेतल्या टेक्सस राज्याने लिहून ठेवले आहेत, तितक्या बारकाईने लिहिलेले निदान माझ्या वाचनात नाहीत. म्हणून अभ्यासाला तेच उदाहरण घेतो. आपल्या वाचकाला टेक्सस दूरचे वाटेल, पण त्या नियमांमागची भांडणे मात्र त्याला अगदी शेजारच्या गल्लीतली वाटतील.

प्रथम आकारणी पाहू. टेक्ससमध्ये खोलीच्या भाड्यावर राज्य सरकार सहा टक्के कर घेते आणि त्याशिवाय शहराला, सर्वसाधारणपणे, सात टक्क्यांपर्यंत कर बसवता येतो. म्हणजे शंभर डॉलरच्या खोलीत एक रात्र काढणारा माणूस सहा डॉलर राज्याला व सात डॉलर त्या गावाला देतो. कर हॉटेलवाला गोळा करतो आणि शहराकडे भरतो. तीस दिवस वा त्याहून अधिक काळ राहण्याचा करार करून जो राहतो, त्याला हा कर नाही. कायद्याच्या दृष्टीने तो पाहुणा उरत नाही. (तीन दिवसांनंतर पाहुण्याचे काय होते हे आपल्याकडे म्हणींनी ठरवले आहे. टेक्ससच्या कायद्याने त्याला महिनाभराची मुदत दिली आहे.) दिवसाला दोन डॉलरपेक्षा कमी भाड्याची खोली करमुक्त आहे. आज असली खोली कोठे मिळत असेल असे वाटत नाही, पण कायद्याच्या पुस्तकात ती अजून शिल्लक आहे.

आता शहराच्या वाट्याला आलेल्या त्या सात डॉलरांचा विचार करू. आपल्याकडे कोणत्याही नगरपरिषदेचा कर नगरनिधीत जमा होतो, आणि तेथून तो झाडूवाल्याच्या पगारावर खर्च झाला की शाळेच्या कौलांवर, हे कोणी शोधीत बसत नाही. टेक्ससमध्ये तसे चालत नाही. हा पैसा शहराच्या सर्वसाधारण महसुलासाठी वा सर्वसाधारण कारभारासाठी वापरता येणार नाही, असे कायद्याने स्पष्ट बजावले आहे. खर्चाच्या प्रत्येक रकमेला दोन चाळण्यांतून जावे लागते.

पहिली चाळणी अशी की, त्या खर्चामुळे पर्यटन आणि त्याच्या जोडीला अधिवेशनांचा व हॉटेलांचा धंदा यांना प्रत्यक्ष चालना मिळाली पाहिजे. येथे 'आणि' हा शब्द महत्त्वाचा आहे. गावात माणसे आली, फिरली, चहा पिऊन गेली, एवढ्याने भागत नाही. त्यांतली काही रात्री मुक्कामाला राहिली पाहिजेत, खोल्या भरल्या पाहिजेत. दुसरी चाळणी अशी की, कायद्याने जे ठराविक प्रकार सांगितले आहेत त्यांपैकी एकात तो खर्च बसला पाहिजे. अधिवेशनाचे सभागृह किंवा प्रवासी माहिती केंद्र बांधणे व चालवणे, अधिवेशनाला येणाऱ्या प्रतिनिधींची नोंदणी, जाहिरात, कलांना उत्तेजन, ऐतिहासिक वास्तूंचे जतन, काही प्रकारच्या क्रीडास्पर्धा, प्रवाशांची ने-आण, आणि प्रेक्षणीय स्थळांची वाट दाखवणाऱ्या पाट्या हे त्यांतले प्रमुख प्रकार होत. एका चाळणीतून खाली आले पण दुसरीत अडकले, तर खर्च नामंजूर.

ऐकायला हे सोपे वाटते. म्हणून मी वर्गात काही उदाहरणे घातली आणि विद्यार्थ्यांना निकाल द्यायला सांगितले.

एका शहराला नवा अग्निशामक बंब घ्यायचा आहे. गावात हॉटेले पुष्कळ, आग लागली तर पाहुणेच भाजतील, सबब निवासकरातून घ्यावा, हा युक्तिवाद एका विद्यार्थ्याने मोठ्या आवेशाने केला. वर्गाने टाळ्याही दिल्या. पण बंब ठराविक प्रकारांत नाही आणि तो सर्वसाधारण कारभारच आहे. नामंजूर. रस्त्यावरचे खड्डे? नामंजूर. पोलिसांची गाडी? तीही नामंजूर. येथपर्यंत मतभेद झाले नाहीत.

नंतर सभागृह आले. शहराने मोठे सभागृह बांधले, त्याला 'अधिवेशन केंद्र' अशी ठळक पाटी लावली, आणि वर्षभर तेथे गावकऱ्यांची लग्ने, वाढदिवस आणि सत्कार होत राहिले. याला निवासकराचा पैसा चालेल काय? पाटी वाचून निकाल देऊ नये, एवढे विद्यार्थ्यांना लगेच उमगले. ज्या समाजाने 'सांस्कृतिक भवन' या नावाखाली इतकी मंगल कार्यालये पाहिली आहेत, त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. टेक्ससच्या कायद्यालाही पाटी पुरत नाही. ती वास्तू मुख्यत्वेकरून अधिवेशने व सभा भरवण्यासाठी वापरली जाते का, हे पाहावे लागते.

क्रीडास्पर्धांचा नियम तर मला फारच आवडला. गावातल्या मुलांना खेळायला मैदान हवे, म्हणून हा पैसा वापरता येत नाही. परंतु दहा लाखांपेक्षा जास्त लोकसंख्या नसलेल्या परगण्यातील शहराने अशी स्पर्धा भरवली की जिच्यातले निम्म्याहून अधिक खेळाडू बाहेरून आलेले आहेत आणि त्यांच्यामुळे हॉटेलांचा व्यवसाय चांगलाच वाढतो, तर त्या स्पर्धेचा खर्च चालतो. म्हणजे एकाच मैदानावर सोमवारी खेळणारा पोर कायद्याच्या बाहेर आणि शनिवारी बाहेरगावाहून आलेला पोर कायद्याच्या आत! विद्यार्थी हसले, पण नियम काही मूर्खपणाचा नाही. ज्याच्या येण्याने करच मुळी जमा होतो, त्याच्यासाठी तो कर आहे.

ने-आण करणाऱ्या बसचे उदाहरण घेतले तेव्हा मात्र हसणे थांबले. हॉटेलांतून प्रवाशांना बाजारपेठेत, अधिवेशन केंद्रात वा प्रेक्षणीय स्थळी नेणारी बस निवासकरातून चालवता येते, पण सर्व जनतेसाठी असलेली बससेवा त्यातून चालवता येत नाही. पहिल्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "म्हणजे सर, बाजाराला निघालेल्या म्हातारीने हात दाखवला तर ती बस थांबवायची नाही?" कायद्याचे उत्तर असे की, तिच्यासाठी बस हवी असेल तर शहराने दुसऱ्या पैशाने चालवावी. उत्तर तर्काला धरून आहे. तरी रिकाम्या जागा घेऊन म्हातारीसमोरून निघून जाणारी बस डोळ्यांसमोर आली की ते पटवून घ्यायला जड जाते, हेही येथे सांगितले पाहिजे.

आपले महाविद्यालय कला शाखेचे, म्हणून कलांच्या तरतुदीविषयी दोन शब्द अधिक. नाटक, नृत्य, गायन-वादन, लोककला, चित्र, शिल्प, छायाचित्रण, चित्रपट इतकेच काय, सर्जनशील लेखनसुद्धा त्या यादीत आहे. एखाद्या करविषयक कायद्यात कवीचा उल्लेख यावा, हा योग दुर्मिळच म्हणायचा. मात्र बहुतेक शहरांना या बाबीवर एकंदर उत्पन्नाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत, अथवा भाड्यावरील एक टक्का कराइतक्या रकमेपर्यंत, यांपैकी जी मर्यादा मोठी असेल तेवढाच खर्च करता येतो. उलट जाहिरातीच्या खर्चाला कमाल मर्यादा नाही, किमान मर्यादा आहे. दोन लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहरात कराचा दर तीन टक्क्यांहून जास्त असेल, तर निदान एक टक्का दराने जेवढे जमले असते तेवढे जाहिरातीवर खर्च झालेच पाहिजेत. आपल्या सात डॉलरांत हे मांडून पाहा. एक डॉलर जाहिरातीला ठेवावाच लागेल, कलांना फार तर एक डॉलर पाच सेंट देता येतील आणि उरलेले चार डॉलर पंच्याण्णव सेंट इतर प्रकारांत वाटता येतील. शिवाय कलेचा खर्च पहिल्या चाळणीतूनही गेला पाहिजे. गावकऱ्यांनी गावकऱ्यांसाठी केलेला नाट्यप्रयोग कितीही उत्तम वठला, तरी तो बाहेरगावच्या रसिकाला मुक्कामाला आणीत नसेल तर त्याला हा पैसा नाही.

आणखी एक तरतूद आपल्या नगरसेवकांना वाचून दाखवण्यासारखी आहे. पर्यटनाच्या कामाशी ज्याचा मुख्य हेतू थेट जोडलेला नाही, अशा प्रवासाचा खर्च निवासकरातून करता येत नाही. 'अभ्यास दौरा' या शब्दाला आपल्याकडे जो अर्थ आला आहे, तो टेक्ससच्या विधिमंडळालाही माहीत असावा असा दाट संशय येतो. शहराने हे काम एखाद्या संस्थेकडे सोपवले, तर तिचे अंदाजपत्रक आधी लेखी मंजूर करावे लागते, पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि निदान दर तीन महिन्यांनी हिशेब द्यावा लागतो.

एवढी बंधने कशासाठी? याचे एक उत्तर तत्त्वाचे आहे, दुसरे व्यवहाराचे. तत्त्वाचे उत्तर असे की, हा कर देणाऱ्याला त्या गावात मत नाही. घरपट्टी वाढली तर आपण पुढच्या निवडणुकीत नगरसेवकाला घरी बसवू शकतो, पण एक रात्र राहून गेलेला प्रवासी काय करणार? म्हणून त्याचा पैसा त्याच्याशी संबंध असलेल्या कामावरच खर्च व्हावा, असे बंधन वरून घातले पाहिजे. व्यवहाराचे उत्तर असे की, हॉटेलवाल्यांचा या कराला होणारा विरोध त्यामुळे मऊ होतो. त्यांच्या धंद्याची जाहिरात गावच्या नावाने आणि गिऱ्हाइकाच्या पैशाने होत असेल, तर कर गोळा करायला त्यांनी कुरकुर का करावी? मला स्वतःला दुसरे उत्तर अधिक खरे वाटते.

या बाबतीत आपल्या राज्यघटनेच्या अभ्यासकाला एक गोष्ट चटकन आठवेल. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात कर आणि शुल्क यांतला फरक सांगितला. कर हा सार्वजनिक कामासाठी सक्तीने घेतलेला पैसा, त्याच्या बदल्यात देणाऱ्याला अमुक मिळेल असे वचन नाही, आणि शुल्क म्हणजे विशिष्ट सेवेचा मोबदला. या मोजपट्टीने पाहिले तर टेक्ससचा निवासकर हा मोठा चमत्कारिक प्राणी ठरतो. नाव कराचे, सक्ती कराची, पण खर्चाची शिस्त बरीचशी शुल्काची. विद्यार्थ्यांनी परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' एवढ्यावर न थांबता हे उदाहरण अवश्य द्यावे.

आता या व्यवस्थेचा दुबळा भाग पाहू. जाहिरात सक्तीची, जाहिरातीने पाहुणे वाढतात, पाहुण्यांनी कर वाढतो, वाढलेल्या करातून पुन्हा जाहिरात. चाक फिरत राहते. पण पाहुण्यांबरोबर कचरा वाढतो, पाण्याचा उपसा वाढतो, आणि ज्या बाया हॉटेलांतल्या चादरी बदलतात त्यांच्या खोल्यांचे भाडे वाढते. हा खर्च कोणी सोसायचा? येथे प्रत्येक राज्याने आपापली वाट काढली आहे. टेक्ससमध्येच गॅल्व्हेस्टनसारख्या समुद्रकाठच्या गावाला किनारा साफ ठेवण्यासाठी हा पैसा वापरण्याची खास मुभा दिली आहे. तेथे माणसे वाळूसाठीच येतात, तेव्हा वाळू झाडणे हेही पर्यटनाचेच काम ठरले. ऑरेगन राज्याने २००३ साली कायदा करून, पुढे नव्याने बसवलेल्या वा वाढवलेल्या स्थानिक निवासकराचे निदान सत्तर टक्के उत्पन्न पर्यटनाच्या प्रसारासाठी किंवा पर्यटनाच्या उपयोगी पडणाऱ्या वास्तूंसाठी राखून ठेवले आणि उरलेले तीस टक्के गावाच्या सर्वसाधारण सेवांना मोकळे केले. तेथल्या किनाऱ्यावरची लहान गावे हा तीस टक्क्यांचा वाटा अपुरा आहे अशी तक्रार करीत आली आहेत. कॉलोराडोची कथा याहून बोलकी आहे. तेथे परगण्यांना भाड्यावर दोन टक्क्यांपर्यंत कर बसवता येत असे आणि त्याचा विनियोग पर्यटनाच्या जाहिरातीवरच करावा लागे. बर्फावरच्या खेळांची डोंगरातली गावे पाहुण्यांनी फुलली, घरांच्या किमती आकाशाला भिडल्या, आणि हॉटेलांत काम करणाऱ्यांनाच गावात राहणे अशक्य झाले. अखेर २०२२ साली कायदा बदलला. मतदारांनी कौल दिला तर तो पैसा कामगारांच्या घरांसाठी आणि त्यांच्या मुलांच्या सांभाळासाठीही वापरता येईल, असे ठरले. म्हणजे पाहुणा बोलावण्याइतकेच त्याचे अंथरूण घालणाऱ्याला छप्पर देणेही पर्यटनात मोडते, हे कायद्याला मान्य करावे लागले. माझे मत कॉलोराडोच्या बाजूने आहे. ज्या गावाची कीर्ती आधीच पुरेशी झाली आहे, त्याला जाहिरातीची सक्ती करणे म्हणजे भरल्या पोटी जेवणाचा आग्रह करण्यासारखे आहे.

आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने हॉटेलांतील ठराविक भाड्यावरच्या खोल्यांवर चैनीच्या वस्तूंवरील कर, म्हणजे ज्याला सगळे लक्झरी टॅक्स म्हणत तो, घेतला जाई. पण तो राज्याचा कर होता, गावाचा नव्हे. पुढे २०१६ च्या एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील बासष्टाव्या नोंदीतून चैनीवरील कर गेला, आणि १ जुलै २०१७ पासून हा कर वस्तू व सेवा करात विलीन झाला. त्या नोंदीत आता स्थानिक संस्थांनी बसवावयाचा करमणूक कर तेवढा उरला आहे. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के आणि त्यावरच्या खोलीवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे. चार हजारांच्या खोलीवर दोनशे रुपये झाले. शंभर केंद्राचे, शंभर राज्याचे. ज्या गावाच्या तळ्याचे पाणी पाहुणा प्याला आणि ज्या गावाच्या घंटागाडीने त्याचा कचरा उचलला, त्या गावाच्या हाती त्यातले थेट काही पडत नाही. अनुदानाच्या रूपाने काही परत येते, पण ते किती पाहुणे येऊन गेले याच्या हिशेबाने येत नाही. हॉटेलच्या इमारतीची घरपट्टी गावाला मिळते हे खरे, पण खोल्या भरल्या काय आणि रिकाम्या राहिल्या काय, घरपट्टी तेवढीच. पूर्वी निदान जकात नाक्यावर गावाचा हात पुढे असे. नगरपरिषदांच्या हद्दीतली जकातही १९९९ साली उठली.

तरीही बाहेरच्या माणसावरचा कर आपल्याला अगदी अपरिचित नाही. यात्राकर हा शब्द क्षेत्राच्या गावांतल्या जुन्या माणसांच्या तोंडात आहे. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यातही यात्रेकरूंवरील कराचा उल्लेख आहे. १९५६ साली केंद्राने रेल्वेने यात्रेच्या ठिकाणी जाणाऱ्या प्रवाशांवर सीमाकर बसवण्याचा कायदा केला होता. आणि आजही माथेरानला जाणारा प्रवासी दस्तुरी नाक्यावर नगरपरिषदेचा माणशी कर भरूनच आत जातो. घटनेतला माणशी कर, राज्यसूचीतली एकसष्टावी नोंद, वस्तू व सेवा कराच्या लाटेत वाहून गेलेली नाही. ही बाब अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी.

माणशी कर आणि खोलीवरचा कर यांत मात्र मोठे अंतर आहे. खोलीवरचा कर भाड्याच्या प्रमाणात वाढतो. श्रीमंत पाहुणा जास्त देतो, आणि सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा काहीच देत नाही. माणशी करात सहलीला आलेला, डब्यात भाकरी बांधून आणलेला विद्यार्थी आणि महागड्या हॉटेलात उतरलेला व्यापारी एकाच रांगेत सारखेच पैसे देतात. उलट माणशी कर दिवसापुरत्या येणाऱ्यालाही पकडतो, आणि कचरा करायला मुक्काम करावा लागत नाही, हे कोणत्याही डोंगरमाथ्यावर रविवारी संध्याकाळी दिसते. पाच हजारांच्या आत वस्ती असलेल्या, मोटारींना बंदी असलेल्या माथेरानसारख्या गावाला नाक्यावर हा कर घेणे शक्य आहे. ज्या गावाला चारी दिशांनी रस्ते येतात, तेथे नाका कोठे बांधणार? शिवाय यात्रेच्या गावी धर्मशाळेत किंवा उघड्या वाळवंटात झोपणाऱ्या वारकऱ्याकडून कर घ्यावा का, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकातून सुटणारा नाही. माझ्या मते घेऊ नये. त्याच्या शौचालयाचा आणि पाण्याचा खर्च राज्याने करावा, कारण त्याच्या वारीचा मान साऱ्या राज्याला आहे.

आमच्या गावीही जत्रेचे चार दिवस असेच जातात. गावच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसे येतात, दुकानदार खूश असतात, लॉजच्या खोल्या दुप्पट भावाने जातात, आणि पाचव्या दिवशी नदीकाठ पाहवत नाही. साफसफाईचा खर्च घरपट्टीतून होतो. घरपट्टी ते विधवेचे दोन खणांचे घरही भरते, ज्याला जत्रेपासून एक पैशाचा लाभ नाही. टेक्ससची पहिली चाळणी उलटी धरून पाहिली, तर असा प्रश्न विचारता येईल की, ज्या खर्चाचे कारण पाहुणा आहे, त्याचा भार पाहुण्यावर आणि त्याच्यामुळे कमावणाऱ्यावर किती पडतो? याचे उत्तर अंदाजाने देण्यात अर्थ नाही. नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात यात्रेचा खर्च तीन-चार निरनिराळ्या शीर्षकांखाली विखुरलेला असतो. आरोग्य, पाणीपुरवठा, दिवाबत्ती आणि किरकोळ. 'किरकोळ' नीट वाचावे.

यंदा तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी हे शीर्षकवार काम हाती घेतले आहे. लॉजच्या खोल्या, उघड्यावर उतरणारी माणसे, पाण्याचे टँकर आणि कचऱ्याच्या खेपा अशा चार रकान्यांचे तक्ते तयार झाले असून, जत्रेच्या प्रत्येक दिवशी दोन-दोनच्या जोडीने ते भरले जातील. ज्या विद्यार्थ्यांची घरे नदीच्या पलीकडच्या आळीत आहेत, त्यांनी आपली नावे शक्य तितक्या लवकर विभागात नोंदवावीत. त्या बाजूला अजून माणसे कमी पडत आहेत.